बाकावरचा बाप

प्रवासाच्या बाबतीत आमच्या घरात चार पंथ आहेत. सूनबाई वेळापत्रकपंथी. चिरंजीव वसूलपंथी, म्हणजे पैसे भरलेत ना, मग सगळं बघायचं. आमची ही बैठकपंथी. कुठंही गेलं की आधी सावली शोधायची, डबा उघडायचा आणि मग विचारायचं, "अहो, इथं बघण्यासारखं काय आहे?" मी पाटीपंथी. भिंतीवर काही लिहिलेलं दिसलं की ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय माझा पाय उचलत नाही. सात वर्षांचा नातू आणि तीन वर्षांची नात अजून कुठल्या पंथात नाहीत. ती नुसती पळतात.

अशी ही दिंडी चिरंजीवांनी कॅलिफोर्नियात अनाहाइमच्या डिस्नेलँडला नेली. दहा वाजेपर्यंत सूनबाईंचं दोन महिने खपून केलेलं वेळापत्रक कोसळलं होतं, हिचा गुडघा बोलू लागला होता आणि नवराबायकोंनी एकमेकांशी बोलणं थांबवलं होतं. मी शहाणपणानं पाटी शोधत सटकलो.

तिथल्या ऑपेरा हाउसच्या दालनात एक साधा बाक ठेवलाय. आपल्या नगरपालिकेच्या बागेत असतो तसा. वॉल्ट डिस्नेला दोन मुली. सुट्टीच्या दिवशी तो त्यांना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात नेई. मुली मेरी-गो-राउंडच्या घोड्यांवर आणि बाप बाकावर, शेंगदाणे खात. त्याच्या मनात आलं, आईबापांना आणि पोरांना मिळून मजा करता येईल अशी जागा का नसावी? आता, बागेतल्या बाकावर शेंगदाणे मीही पुष्कळ खाल्लेत. पण मी टरफलं झटकून घरी आलो. या गृहस्थानं १६० एकर जमीन घेतली, संत्र्याच्या बागा साफ केल्या, जुलै १९५४ मध्ये काम काढलं आणि १७ जुलै १९५५ ला उद्घाटनही करून टाकलं!

उद्घाटन मात्र आपल्याकडच्या लग्नासारखं झालं. बनावट आमंत्रणं घेऊन हजारो लोक घुसले. उन्हानं नवं डांबर मऊ होऊन बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. नळकारागिरांच्या संपामुळं पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे करायचे की संडास, असा पेच पडला तेव्हा वॉल्टनं संडास निवडले. हे मी हिला सांगितलं, तर ही म्हणाली, "शहाणा माणूस." डिस्नेलँडबद्दल तिनं काढलेला हा पहिला चांगला शब्द.

सुरुवातीला प्रत्येक खेळाचं वेगळं तिकीट. मग कुपनांची वही निघाली. 'ए' म्हणजे फुसका खेळ आणि १९५९ पासून 'ई' म्हणजे सगळ्यांत भारी. 'ई' भराभर संपायची आणि 'ए' घरी येऊन टेबलाच्या खणात पडायची. मला ही पद्धत फार समंजस वाटते. आजीनं आपलं 'ई' नातवाला द्यावं, नातवानं आपलं 'ए' आजीला. १९८२ मध्ये कुपनं गेली, एकाच तिकिटात सगळं आलं आणि भांडण पैशांवरून मिनिटांवर आलं. कुठं आधी पळायचं? १९९९ मध्ये रांग टाळायच्या वेळेच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि पुढं तो सगळा कारभार फोनमध्ये शिरला. सूनबाईंचा फोन त्या दिवशी घरच्या कुकरपेक्षा जास्त वाजत होता.

बाहेर येऊन पाहतो तर मॅटरहॉर्न नावाच्या नकली पर्वतापाशी आमचे चिरंजीव एका बाकावर! हा पर्वत १९५९ चा. त्यात घसरगाड्या धावतात आणि साडेतीन फुटांच्या आतल्या माणसाला प्रवेश नाही. त्यामुळं सूनबाई नातवाला घेऊन आत आणि चिरंजीव नातीला घेऊन बाहेर, मग अदलाबदल. एवढ्यासाठी सोय आहे, नियम आहेत, सगळं चोख आहे. पण ज्या बाकावरून बापाला उठवायला हा सगळा खटाटोप झाला, त्या बाकावर बाप पुन्हा बसलेला. शेंगदाण्यांऐवजी हातात मक्याच्या लाह्या, एवढाच फरक.

"चल, आगगाडीत बसू," मी म्हटलं.

वॉल्टला आगगाडीचं वेड. घराच्या अंगणातसुद्धा त्यानं वाफेची छोटी गाडी पळवली होती. इथली गाडी पहिल्या दिवसापासून उद्यानाला फेऱ्या घालते. तिला उंचीची अट नाही, गुडघ्याची नाही. पाचच मिनिटांत आम्ही सहाच्या सहा जण एका डब्यात. हिला सावली मिळाली, मला स्टेशनांच्या पाट्या, चिरंजीवांना एकाच तिकिटात ग्रँड कॅन्यन आणि डायनासोर. नातवाला तर उठून पळायचंच सुचलं नाही. हिनं पिशवीतून दशम्या काढल्या.

पहिली फेरी संपली. कोणी उतरलं नाही. दुसऱ्या फेरीत सूनबाईंचा फोन वाजला. कुठल्याशा खेळाची वेळ झाली होती. तिनं फोनकडं पाहिलं, मांडीवर झोपलेल्या नातीकडं पाहिलं आणि सासूबाईंना विचारलं,

"आई, अजून एक दशमी आहे?"