घरे चार, वेस एक: बूट लोडरचा इतिहास

१/ एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स नांदवणाऱ्यांना १९९० च्या दशकात एक अनुभव हमखास येई. विंडोज नव्याने टाकले की लिनक्स दिसेनासे होई. फाइली डिस्कवर जशाच्या तशा असत. त्यांच्यापर्यंत नेणारा बूट लोडर तेवढा नाहीसा झालेला असे. ही वाट कोणाच्या ताब्यात असावी, या वादाचा हा इतिहास. (थ्रेड)

२/ मार्च १९८३ मध्ये आयबीएमने १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला 'पीसी एक्सटी' आणला. त्याच्या डॉस २.० बरोबर डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांची मांडणी रूढ झाली: ४४६ बाइटांपर्यंत प्रोग्रॅम, ६४ बाइटांचा विभाग-तक्ता आणि २ बाइटांची ओळखखूण. हाच मास्टर बूट रेकॉर्ड.

३/ तक्त्यात चार विभागांची सोय होती, ती एका डिस्कवर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम राहाव्यात म्हणून. परंतु संगणक सुरू होताच बायॉस हा पहिला सेक्टर वाचून त्यातील प्रोग्रॅमच्या हाती सूत्रे देई. घरे चार, वेस मात्र एकच. तेथे जो शेवटी लिहील, त्याचे राज्य.

४/ १९९१ मध्ये लिनक्स अवतरले आणि पुढच्याच वर्षी वेर्नर आल्मेसबर्गर यांचा 'लिलो' आला. त्याला फाइल सिस्टिम कळत नसे. कर्नल कोणत्या सेक्टरांत आहे याची यादी तो आधीच करून ठेवी. कर्नल बदलून यादी तशीच राहिली की वाट चुके. सुरू होताना तो आपल्या नावाची चार अक्षरे एकेक करून उमटवी. 'एल आय' वर थांबला, तर बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे जाणकार ओळखत.

५/ १९९५ मध्ये एरिक बोलिन यांच्या ग्नू हर्ड सुरू करण्याच्या खटपटीतून 'ग्रब' जन्मला. फाइल सिस्टिम जाणणारा प्रोग्रॅम ४४६ बाइटांत मावणे अशक्य. म्हणून चिमुकला तुकडा वेशीवर ठेवून बाकीचा भाग डिस्कवर अन्यत्र ठेवला गेला.

६/ दुरुस्तीचे सूत्र यातूनच निघाले. फ्लॉपीवरून किंवा सीडीवरून लिनक्स चालवायचे, डिस्कवरचा लिनक्सचा विभाग माउंट करायचा आणि वेशीवरचा तुकडा पुन्हा लिहायचा. धोका एकच: विभाग-तक्ताही त्याच सेक्टरात असतो. ४४६ ऐवजी पूर्ण ५१२ बाइटांवर जुनी प्रत उतरवली आणि मधल्या काळात विभाग बदललेले असले, तर वाटेबरोबर घरांचे पत्तेही हरवत.

७/ हा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हता. हिताचीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस विंडोजसोबत 'बी-ओएस' असलेले संगणक विकले. पण सुरू होताना बी-ओएसचा पर्यायच दिसत नसे. यामागे मायक्रोसॉफ्टच्या परवान्याच्या अटी आहेत, असा आरोप करत बी कंपनीने २००२ मध्ये दावा लावला. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टने चूक मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली. तोवर बी कंपनीचे तंत्रज्ञान पाम कंपनीने विकत घेतले होते.

८/ नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकी सरकारच्या मक्तेदारीविरोधी खटल्यात अंतिम आदेश निघाला. विंडोजपूर्वी चालणाऱ्या अन्य बूट लोडरमधून दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम निवडण्याची सोय संगणक-उत्पादकांनी दिली, तर मायक्रोसॉफ्टला त्यांना रोखता येणार नाही, असे कलम त्यात होते. पहिल्या सेक्टरावरचा झगडा न्यायालयाच्या कागदावर उतरला.

९/ पुढे यूईएफआय आले. प्रत्येक सिस्टिमला एका सामाईक विभागात स्वतंत्र फोल्डर मिळाले आणि यादी मदरबोर्डच्या स्मृतीत गेली. आता अनेकदा या यादीचा क्रम बदलला, तरी लिनक्स परत दिसते. मात्र २०१२ च्या विंडोज ८ बरोबर 'सिक्युअर बूट' प्रचलित झाले आणि बूट लोडरवर मान्य चावीची सही आवश्यक ठरली. बहुतेक मोठी लिनक्स वितरणे त्यासाठी मायक्रोसॉफ्टची सही असलेला 'शिम' वापरतात.

१०/ बूट लोडर पूर्ववत करण्याच्या आज्ञा आज चार-पाच ओळींत मावतात. परंतु वेशीवर कोणाला उभे राहू द्यायचे, हे ठरवणारी चावी अद्याप मोजक्याच हातांत आहे.