फोटोतल्या बायकांची नावं

जुन्या फोटोतली माणसं ओळखायची म्हणजे चेहरे ओळखायचे, असं आपल्याला वाटतं. पण चेहऱ्याची पाळी शेवटी येते. आधी फोटो उलटा करून पाहावा. खाली स्टुडिओचं नाव छापलेलं असेल तर गाव कळतं. मग पाहावं, लुगडं नऊवारी आहे की सहावारी, डोक्यावर पागोटं आहे की गांधी टोपी, मांडीवर मूल कोणाच्या आहे. त्या मुलाची जन्मतारीख मिळाली, की फोटोचं सालही हाती लागतं.

साकोलीला आमच्या घरच्या ट्रंकेत असा एक फोटो आहे. अकरा माणसं, मागे एक अक्षर नाही. पुरुष सगळे ओळखू आले. त्यांची नावं सातबाऱ्यावर होती, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात होती. बायका मात्र 'लाखनीवाली', 'अर्जुनीवाली' एवढ्याच कळल्या. सुनेला माहेरच्या गावावरून ओळखायचं, ही आमच्या घरची रीत. त्यात लग्नात नाव बदललेलं. माहेरी एक नाव, सासरी दुसरं, आणि हाक तिसरीच!

ही गोष्ट एका घरापुरती नाही. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं मतदार यादीतून वगळावी लागली. अमक्याची बायको, तमक्याची आई, याखेरीज त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. पण नवऱ्याच्या नावाआड राहण्याची सवय आपल्याकडेही होतीच.

बरं, फोटोखाली नाव असलं म्हणजे काम संपलं, असंही नाही. आनंदीबाई जोशी यांचा फिलाडेल्फियातला फोटो अनेकांनी पाहिला असेल. १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेला. शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली, तिघी आपापल्या देशी पोशाखात. खाली तिघींच्या नावांआधी 'डॉक्टर' लिहिलं आहे. पण आनंदीबाईंना पदवी मिळाली १८८६ साली, ओकामींना १८८९ साली आणि इस्लांबुलींना १८९० साली. म्हणजे तो मजकूर मागाहून लिहिलेला दिसतो. आनंदीबाई तर १८८७ च्या फेब्रुवारीतच गेल्या होत्या. त्यांचं माहेरचं नाव यमुना. ते त्या फोटोखाली नाहीच.

म्हणून बाईचं नाव शोधायचं तर तिच्या माहेरी जावं. आमच्या लाखनीवालीचं तसंच झालं. सासरी कोणाला आठवेना. माहेरी तिच्या म्हाताऱ्या भाच्याने फोटो हातात घेताच 'ही आमची आत्या' म्हटलं आणि दोन्ही नावं सांगितली.

विचारतानाही एक पथ्य पाळावं. 'ही अमकीच ना?' असं विचारलं, की म्हातारी माणसं आपलं मन राखायला हो म्हणतात. नुसतं 'ही कोण?' विचारावं, आणि दोघांना वेगवेगळं विचारावं. दोघांचं जुळलं, की फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हात हलका ठेवून लिहावं. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो. सासरच्या नावाशेजारी माहेरचं नावही लिहावं. कोणी सांगितलं आणि कधी, तेही लिहावं.

फोटो ट्रंकेत आणखी पन्नास वर्षं टिकेल. नावं सांगणारी माणसं मात्र आज ऐंशीच्या पुढे आहेत. या रविवारी त्यांच्याकडे जाऊन यावं.