पनवेलकर पनवेलमध्ये कसा होणार?

आजचा एपिसोड सुरू झाला तो ऑफिसच्या कँटीनमध्ये. टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलीने मला विचारलं, "तू पक्का पनवेलचा ना? मग पनवेलकर का नाहीस?"

मी आधी हसलो. मग वाटलं, प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर एकदम साधं आहे. पनवेलमध्ये सगळेच पनवेलचे, तिथे कोणाला पनवेलकर म्हणून काय कळणार? हे नाव तुम्हाला पुढचं गाव देतं. म्हणजे 'कर' लागलेलं आडनाव राहण्याचा पत्ता नसतो, तो निघाल्याचा पत्ता असतो.

हे आपल्याकडेच आहे असं नाही हं. इंग्लंडच्या ईशान्येला वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. बाराव्या शतकात तिथे जमीन मिळालेल्या एका घराण्याने ते नाव लावलं. त्यांच्यातला जॉन वॉशिंग्टन १६५६ च्या सुमारास व्हर्जिनियात पोचला. त्याचा पणतू जॉर्ज अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. आज अमेरिकेच्या राजधानीला एका इंग्रज गावाचं नाव आहे, आणि ते तिथे गेलं आडनावावर बसून.

आता परत पनवेलला येऊ. आपल्या गावात १८४९ सालचं एक सिनेगॉग आहे, बेथ एल. ते बेने इस्रायल लोकांचं, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावला एक जहाज फुटलं आणि त्यातून सात बायका आणि सात पुरुष वाचले. पुढे ही माणसं कोकणात गावोगाव पसरली. बरीच जण तेलाचे घाणे चालवायची आणि शनिवारी काम बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायला लागले.

आडनावं बघा: पेणकर, रोहेकर, किहिमकर, नवगावकर, दिवेकर आणि अर्थातच पनवेलकर. अशी शंभराहून जास्त नावं आहेत. रायगडचा नकाशा उघडा आणि एकेक गाव टॅप करत जा, यादी तयार!

अठराव्या शतकात ही मंडळी मुंबईला निघाली. कोणी कंपनीच्या फौजेत गेलं, कोणी सुतारकाम धरलं. फौजेतल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणायचे. आपली पनवेल लोकल सीएसएमटीच्या आधी 'मस्जिद'ला थांबते ना? ते नाव याच जुन्या मशिदीवरून पडलं असं मानतात. रोज अपडाऊन करणाऱ्या माझ्यासारख्याला हे कित्येक वर्षं माहीत नव्हतं.

मुंबईत आणखी एक गंमत झाली. काहींनी गावाचं नाव मागे ठेवून वडिलांचं किंवा आजोबांचं नाव इंग्रजी पद्धतीने शेवटी लावलं. महालक्ष्मीहून वरळीला जाणारा डॉ. ई. मोझेस रोड ऐकलाय ना? हे १९३७-३८ चे मुंबईचे महापौर, एलिजा मोझेस राजपूरकर. पाटीवर मोझेस राहिलं, राजपूर गेलं.

१९४८ नंतर हजारो जण इस्रायलला गेले. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा शहरांत वसले. आणि तिथे १९६२ साली त्यांना धक्का बसला. बेने इस्रायल माणसाला दुसऱ्या ज्यूशी लग्न करायचं असेल तर आई, आजी, पणजी अशी मागची पिढी तपासायची, असा हुकूम तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी काढला. विचार करा, शतकानुशतकं कोकणात शनिवार पाळला, आणि ज्या देशाला आपला मानून गेलो तिथेच कोणीतरी विचारतंय, "तुम्ही नक्की आमचेच ना?" आडनाव सांगत होतं की आम्ही पेणचे, रोह्याचे. पण त्यांना हवं होतं त्याच्याही मागचं, आणि ते कुठल्या कागदावर असणार? लोक गप्प बसले नाहीत. मोर्चे निघाले, धरणी झाली, आणि १९६४ साली इस्रायलच्या संसदेने स्पष्ट केलं की हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. त्यानंतर हुकूमातला बेने इस्रायलांचा उल्लेख काढावा लागला.

मला यात एक गोष्ट फार आवडते. इतका अपमान झाला तरी सगळ्यांनी 'कर' टाकून दिलं नाही. आजही तिकडे हिब्रू अक्षरांत लिहिलेले पेणकर, रोहेकर भेटतात. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी इस्रायलमधून काढलं. ज्या नातवाने पेण कधी पाहिलं नाही, तोसुद्धा रोज सही करताना पेण लिहितो.

आमच्या बॅचमधले निम्मे आता पुण्याला, बेंगळुरूला, काही परदेशात आहेत. फॉर्ममध्ये 'लास्ट नेम'चा रकाना आला की आपण दोन सेकंदांत भरतो आणि पुढे जातो. या वेळी जरा थांबा. घरी आजी-आजोबा असतील तर विचारा, हे नाव कुठल्या गावाहून निघालं, आणि आपण ते गाव का सोडलं? फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आपल्याकडेही त्याचा कागद असेलच असं नाही.

भेटूया पुढच्या भागात. आणि हो, मी गाव सोडलं तर मला पनवेलकर म्हणायला हरकत नाही!