पाठीवरची राजधानी

प्रवासाला निघणाऱ्याची खरी परीक्षा वाटेवर होत नाहीं. ती घरीं, बांधाबांध करतांना होते. काय बरोबर घ्यावें हें सर्वांनाच सुचतें. काय मागें ठेवावें हें थोड्यांना सुचतें. आज पाश्चात्य देशांतील हौशी प्रवासी निजण्याची जागा, चूल आणि पाण्याची टांकी यांसह सगळें घरच मोटारीवर चढवितात आणि उत्तरेकडील सरोवरांच्या व अरण्यांच्या प्रदेशांत मुक्काम करीत हिंडतात. ही कल्पना दिसते तितकी नवी नाहीं. आपल्या देशांत साडेतीनशें वर्षांपूर्वी एक बादशहा घरच काय, सगळी राजधानी पाठीवर घेऊन हिंडत होता. मलिक अंबरानें 1610 सालीं राजधानी केलेल्या खडकीला ज्यानें 1653 च्या सुमारास आपलें नांव दिलें, तोच हा औरंगजेब. ती खडकी म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर. या बादशहाच्या दोन प्रवासांची तुलना केली असतां बांधाबांधीच्या शास्त्राचा एक मोठा धडा हातीं लागतो. त्यांतील पहिला प्रवास काश्मीरचा, दुसरा दक्षिणेचा.

मोगलांच्या कूचाची व्यवस्था अकबराच्या वेळीं पक्की झाली होती. एका मुक्कामाचें सामान वाहण्यास 100 हत्ती, 500 उंट, 400 गाडे आणि 100 हमाल लागत, अशी नोंद अबुल फजलनें ‘आईन-इ-अकबरी’त केली आहे. तंबू उभारण्यास 1000 फरास, वाट नीट करण्यास 500 बेलदार, पाणी भरण्यास 100 भिस्ती आणि झाडलोटीस 150 माणसें. शिवाय सुतार, मशालजी व चामड्याचे कारागीर निराळेच. असे संच दोन असत. बादशहा एकांत राहत असतां दुसरा एक मजल पुढें जाऊन उभा राही. या पुढच्या संचास ‘पेशखाना’ म्हणत. मीर मंझिल नांवाचा अधिकारी पुढें जाऊन जागा निवडी आणि छावणीचा आराखडा प्रत्येक मुक्कामीं एकच ठेवी. त्यामुळें काल ज्याची राहुटी बाजाराच्या उजवीकडे होती, त्याला आजही ती उजवीकडेच सांपडे. संध्याकाळीं हजारों चुलींचा धूर दाटून कोणास कांहीं दिसेनासें झालें, म्हणजे उंच काठीवरचा ‘आकाशदिवा’ पेटविला जाई, आणि चुकलेला माणूस त्याच्या खुणेनें घर गांठी.

अशा थाटानें औरंगजेब 1664 च्या डिसेंबरांत दिल्लीहून काश्मीरकडे निघाला. दोन वर्षांपूर्वी तो फार आजारी पडला होता, तेव्हां हवापालट हें निमित्त होतें. त्याची बहीण रोशनआरा हिचाही आग्रह होता. फ्रेंच वैद्य बर्निए या प्रवासांत बरोबर होता. त्यानें आपल्या मित्राला लिहिलेलीं पत्रें आज इतिहासाचें साधन झालीं आहेत. दिल्लीहून लाहोर म्हणजे पंधरा दिवसांची वाट. पण शिकार करीत, नदीच्या कडेनें वळसे घेत बादशाही स्वारीला तेथें पोहोंचण्यास जवळजवळ दोन महिने लागले. पंजाबांतील उन्हाळा गांठला गेला, आणि पुढील मजला धुळींत व उकाड्यांत काढाव्या लागल्या. सावकाशीची किंमत ही अशी द्यावी लागते.

डोंगराच्या पायथ्याशीं भिंबर येथें मात्र या दरबारानें शहाणपण दाखविलें. पीर पंजालचा घाट अरुंद, आणि काश्मीरचें खोरें एवढ्या जमावास धान्य पुरविण्यास असमर्थ. म्हणून सैन्याचा मोठा भाग व जड तोफा मागें ठेवण्यांत आल्या. निवडक सरदारांनाच पुढें जाण्याची परवानगी मिळाली, आणि गर्दी होऊं नये म्हणून त्यांनाही दिवस वांटून दिले गेले. उंट घाट चढत नाहींत, तेव्हां त्यांचें ओझें हमालांच्या पाठीवर आलें. एकट्या बादशहास 6000 आणि एकंदरीस सुमारें 30,000 हमाल लागतील, असा तेथें अंदाज होता.

एवढी काळजी घेऊनही एक चूक राहिली. जनानखान्यांतील स्त्रियांना हत्तींवरूनच वर नेण्यांत आलें. चढणीवर पुढचा हत्ती बिचकला आणि मागें सरला. तो दुसऱ्यावर आदळला, दुसरा तिसऱ्यावर, आणि बघतां बघतां पंधरा हत्ती दरींत कोसळले. तीन-चार स्त्रिया दगावल्या; हत्ती तर एकही वांचवितां आला नाहीं. प्रतिष्ठेसाठीं नेलेलें वाहन वाटेला मानवलें नाहीं, तर काय होतें याचें याहून कठोर उदाहरण मिळणें कठीण. घाटापलीकडे दल सरोवर, वेरीनाग व अच्छबल येथील झरे आणि हिरवीं अरण्यें होतीं. त्यांच्या वर्णनांत बर्निएची लेखणी रमून गेली आहे. पण काश्मीरला औरंगजेब पुन्हां कधींही गेला नाहीं.

दुसरा प्रवास 1681 च्या सप्टेंबरांत अजमेरहून सुरू झाला. बंडखोर शहजादा अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास आला होता. त्याचा बंदोबस्त करावा, मराठ्यांचें राज्य बुडवावें, विजापूर व गोवळकोंडा घ्यावा आणि परत फिरावें, असा बादशहाचा बेत. 1682 च्या मार्चांत तो औरंगाबादेस आला. मलिक अंबराच्या नहरीचें पाणी या शहरांत घरोघर खेळत होतें, आणि मराठ्यांच्या हल्ल्यांच्या भीतीनें बादशहानें त्यास तट बांधविला. तट आणि नहर असलेलें शहर हें खरें मुक्कामाचें ठिकाण. परंतु 1683 च्या अखेरीस तें सोडून तो अहमदनगरकडे निघाला. विजापूर 1686 त व गोवळकोंडा 1687 त पडला. 1689 त संभाजी महाराजांचा क्रूर वध झाला. बेत पुरा झाला असें वाटण्याचा तो क्षण होता. त्यानंतर बादशहा अठरा वर्षें जगला, पण दिल्ली त्यानें पुन्हां पाहिली नाहीं.

ही छावणी केवढी होती? इटालियन प्रवासी कारेरी यानें ती 1695 सालीं कृष्णाकांठीं गलगली येथें पाहिली. तिचा घेर तीस मैलांचा असून तींत 250 बाजार होते, असें तो सांगतो. आंकड्यांत अतिशयोक्ति असेल. तरी तें शहरच होतें यांत शंका नाहीं. पण शहराला शेत असतें, छावणीला नसतें. लढणाऱ्या एका शिपायामागें बाजारबुणग्यांचा तांडा. त्या सर्वांना धान्य आणावें बंजाऱ्यांनीं, आणि जनावरांना वैरण आणावी रानांत जाणाऱ्या कहीनें. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनीं नेमका हाच धागा ओळखला. छावणीवर समोरून तुटून पडण्यापेक्षां तिची रसद तोडणें व कही लुटणें त्यांना स्वस्त पडे.

याच्या उलट शिवाजी महाराजांची शिस्त पाहावी. त्यांच्या लष्करांत मोहिमेवर स्त्रिया नेण्यास मनाई होती. 1674 च्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीस लिहिलेल्या पत्रांत पावसाळ्यापूर्वीच त्यांनीं दाणावैरणीचा हिशेब बजावला आहे. सांठा आतांच उधळला तर पावसांत घोडीं मरतील, मग शिपाई कुणब्यांच्या घरांत शिरतील आणि रयतेस मोगलांहून तुम्हीच वाईट वाटाल, असा त्याचा आशय. रात्रीं उंदीर जळती वात ओढून नेईल व गंजीला आग लागेल, म्हणून दिवे विझवावे, एवढ्या बारकाव्यापर्यंत तें पत्र जातें. राजाला उंदराची काळजी वाटते, तेथें छावणी सुरक्षित राहते.

बादशाही छावणीला असा बारकावा पुढें राहिला नाहीं. 1700 च्या पावसाळ्यांत तिनें आजच्या सोलापूर जिल्ह्यांतील खवासपूर येथें माण नदीच्या कोरड्या पात्रांत व कांठावर तळ दिला. 1 ऑक्टोबरच्या रात्रीं डोंगरांतला पाऊस लोंढ्यानें खालीं आला. माणसें, जनावरें व तंबू वाहून गेले. गडबडींत बादशहाचा गुडघा निखळला आणि तो जन्माचा लंगडा झाला. दोन वर्षांनीं विशाळगड घेऊन परततांना पन्हाळ्यापर्यंतची तीस मैलांची वाट भर पावसांत तुडविण्यास या सेनेला 37 दिवस लागले. नाले उतरेनात, जनावरें चिखलांत रुतून मेलीं. किल्ला मिळाला, पण असे किल्ले जितक्या वेगानें मिळत, तितक्याच वेगानें मराठे ते परत घेत.

1706 च्या जानेवारींत बादशहा अहमदनगरास आला, आणि पुढच्या वर्षीं तेथेंच वारला. त्याला खुलताबादेस साध्या, उघड्या कबरींत पुरण्यांत आलें. हजारों उंटांच्या तांड्याचा धनी शेवटीं औरंगाबादेच्या परिसरांत परतला, तो कांहींच बरोबर न घेतां.

दोन्ही प्रवासांत माणूस एकच, तंबू तेच, आणि फरासही तितकेच कुशल. मग अंतर कशांत पडलें? काश्मीरला जातांना परतण्याचा दिवस ठरलेला होता. म्हणून भिंबरला ओझें उतरवितां आलें. दक्षिणेंत परतण्याचा दिवस पुढें पुढें ढकलला गेला, आणि प्रत्येक मुक्कामागणिक ओझें वाढत गेलें. प्रवासाच्या बेतांत पहिली ओळ निघण्याची नसावी, परतण्याची असावी. कारण ज्याला परतावयाचें असतें, तोच काय मागें ठेवावें याचा विचार करतो.