दस्तक ते नेक्सस

बेळगाव-निपाणीकडील आम्हा मंडळींना ‘सीमा’ हा शब्द नवा नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मामाचे गाव एका राज्यात तर आत्याचे दुसऱ्या राज्यात, अशी अनेक घरांची स्थिती झाली. पुढे राज्य शासनाच्या विक्रीकर खात्यात नोकरी करताना आमची काही वर्षे सीमेवरील तपासणी नाक्यावरच गेली. नाका, रांग, कागद आणि अधिकाऱ्याची नजर या चारही गोष्टी त्यामुळे आमच्या पुरेशा परिचयाच्या. तरीही २०१९ च्या उन्हाळ्यात एका परक्या सीमेवर जो अनुभव आला, त्याने या जुन्या परिचयाकडे नव्याने पाहावयास लावले.

आमची कन्या कॅनडात टोरांटोजवळ राहते. तिच्याकडे गेलो असता एके दिवशी मोटारीने अमेरिकेतील बफेलो शहरी जाण्याचे ठरले. वाटेत नायगारा नदीवर १९२७ साली खुला झालेला ‘पीस ब्रिज’ लागतो. पुलापाशी दोन रांगा होत्या. एक लांबलचक, मुंगीच्या गतीने सरकणारी. दुसरी जवळजवळ रिकामी. त्या रिकाम्या मार्गिकेवर ‘नेक्सस’ असे लिहिलेले होते. कन्या व जावई यांच्यापाशी नेक्सस कार्डे होती. आम्हा उभयतांपाशी केवळ पासपोर्ट आणि व्हिसा. नियम असा, की मोटारीतील प्रत्येकाजवळ ते कार्ड असले तरच त्या मार्गिकेत शिरता येते. आमच्यामुळे सगळी मोटार लांब रांगेत उभी राहिली. आम्ही संकोचलो, तेव्हा जावईबापू हसून म्हणाले, “बाबा, लग्नानंतर बेळगावला आलो तेव्हा तुम्ही आमच्यासाठी रेल्वे आरक्षणाच्या रांगेत पहाटेपासून उभे होतात. आज आमची पाळी.”

तासाभराच्या त्या रांगेत मनात एक प्रश्न घर करून राहिला. एकाच मोटारीतले, एकाच घरातले चौघे. त्यांतले दोघे ‘विश्वासू’ आणि दोघे नव्हेत, हे ठरवले कोणी आणि कसे? परत आल्यावर या विषयाचे जे वाचन झाले, त्याचे सार येथे मांडीत आहोत.

अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधील सीमा अलास्काच्या बाजूसह सुमारे ८,८९१ किलोमीटर लांबीची आहे. ती दीर्घकाळ अतिशय सैल होती. पीस ब्रिजपासून काही मैलांवर, नायगाराच्या घळीवर १८५५ साली जॉन रोबलिंग या अभियंत्याने रेल्वेचा झुलता पूल बांधला. अमेरिकेत १८५० च्या कायद्यान्वये पळून आलेल्या गुलामास पकडून मालकाच्या स्वाधीन करणे बंधनकारक होते. १८५६ साली हॅरिएट टबमन ही विलक्षण स्त्री पळून निघालेल्या काही गुलामांना आगगाडीने याच पुलावरून कॅनडात घेऊन गेली. त्यांच्यापाशी कोणताही परवाना नव्हता; उलट एका शासनाच्या लेखी ते दुसऱ्याची मालमत्ता होते. पुलाच्या पलीकडे मात्र ती माणसे झाली. त्याच जागी १८९७ साली पोलादी कमानीचा पूल उभा राहिला आणि एकविसाव्या शतकात तो केवळ नेक्सस कार्ड असणाऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आला. एकाच घळीवरचा हा योगायोग आम्हाला पुष्कळ काही सांगून गेला.

पश्चिमेकडील ब्लेन या गावी १९२१ साली ‘पीस आर्च’ ही कमान उभारली गेली. ही दारे कधीही बंद न होवोत, अशा अर्थाचे शब्द तिच्यावर कोरलेले आहेत. परंतु १९२४ साली अमेरिकेने स्थलांतराचा कडक कायदा केला, सीमेवर गस्तीचे दल नेमले आणि दाराशी पहारा बसला. तरी शेजारी देशांतील नागरिकांना तोंडी उत्तर देऊन पलीकडे जाता येई. व्यापार आणि मोटारी वाढत गेल्या तसतशा रांगा वाढल्या. मग प्रशासनाच्या ध्यानात आले, की रोज कामावर जाणाऱ्या त्याच त्या माणसाला रोज तेच ते प्रश्न विचारण्यात दोघांचाही वेळ जातो. १९९१ साली ब्लेन येथे अशा नित्याच्या प्रवाशांसाठी वेगळी मार्गिका सुरू झाली. आधी चौकशी होऊन मोटारीच्या काचेवर एक चिकटपट्टी मिळे आणि तीच परवान्याचे काम करी. १९९५ साली मेक्सिकोच्या सीमेवर कॅलिफोर्नियातील ओटाय मेसा येथे ‘सेंट्री’ ही योजना आली. नोव्हेंबर २००० मध्ये पोर्ट ह्युरॉन आणि सार्निया यांमधील पुलावर दोन्ही देशांनी मिळून नेक्ससचा प्रयोग आरंभिला.

त्यानंतर ११ सप्टेंबर २००१ चा दिवस उजाडला. त्या हल्ल्यांनंतर सीमेवर प्रत्येक वाहन कसून तपासले जाऊ लागले. डेट्रॉइट आणि विंडसर यांना जोडणाऱ्या अँबॅसडर पुलाशी मालमोटारींची मैलोगणती रांग लागली. सुटे भाग वेळेवर न पोहोचल्याने मोटारींचे काही कारखाने थांबवावे लागले. विश्वासू प्रवाशांच्या मार्गिका तर प्रथम बंद झाल्या, कारण त्या वेळी विश्वास हीच गोष्ट संशयास्पद ठरली होती. पण अल्पावधीतच उलट विचार झाला. सगळ्यांवरच संशय घेतला तर खरा संशयित गर्दीत लपतो. ओळखीच्यांना बाजूला काढले तर अनोळखी माणसाकडे नीट पाहता येते. १२ डिसेंबर २००१ रोजी दोन्ही देशांनी सीमेविषयीचा संयुक्त जाहीरनामा काढला आणि २००२ पासून नेक्ससचा विस्तार झाला. त्याच वर्षी मालमोटारींच्या चालकांसाठी ‘फास्ट’ ही योजना आली. ३१ जानेवारी २००८ पासून तोंडी उत्तर पुरेनासे झाले आणि १ जून २००९ पासून जमिनीवरील सीमेवरही पासपोर्ट अथवा तत्सम कार्ड आवश्यक ठरले. नेक्सस व सेंट्री कार्डे त्यासाठी ग्राह्य धरली गेली.

योजनेची रीत समजण्यास सोपी आहे. इच्छुकाने अर्ज करावयाचा, शुल्क भरावयाचे, पूर्वायुष्याची चौकशी होऊ द्यावयाची, बोटांचे ठसे द्यावयाचे आणि समक्ष मुलाखतीस जावयाचे. नेक्ससच्या बाबतीत दोन्ही देशांची मान्यता लागते. एकाने नकार दिला तरी कार्ड मिळत नाही. पाच वर्षांसाठीचे शुल्क पूर्वी ५० डॉलर होते, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून १२० डॉलर झाले. कार्डातील चिप दुरूनच वाचली जाते आणि मोटार चौकीशी पोहोचेपर्यंत प्रवाशाची माहिती अधिकाऱ्यापुढे आलेली असते. साधे फळ जवळ बाळगून ते सांगितले नाही, तरी कार्ड जाऊ शकते. म्हणजे तपासणी टळत नाही. ती आधी उरकलेली असते. पूर्वी नाक्यावर सामान तपासत, आता घरबसल्या माणूस तपासला जातो.

ही कल्पना आपल्याकडे मुळीच अपरिचित नव्हती. ‘दस्तक’ हा शब्द जुन्या कागदपत्रांत वारंवार येतो. दस्तक दाखवले की चौकीवाल्याने माल अडवावयाचा नाही, असा त्याचा अर्थ. १७१७ साली बादशहा फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला बंगालमध्ये जकातमुक्त व्यापाराचे फर्मान दिले. कंपनीच्या मालाकरिता असलेले दस्तक कंपनीचे नोकर स्वतःच्या खाजगी व्यापारासाठी सर्रास वापरू लागले. देशी व्यापारी जकात भरून नाडले जात आणि दस्तकवाले मोकळे जात. अखेर नवाब मीर कासीमने १७६३ साली सर्वांचीच जकात माफ करून टाकली. कोणालाच वेगळी रांग नको, असा तो निर्णय होता. कंपनीला तो सोसवला नाही. युद्ध पेटले आणि १७६४ साली बक्सारच्या रणांगणावर त्याचा निकाल लागला. सवलतीचा कागद एकदा हाती आला, की तो हक्क वाटू लागतो, हा या प्रकरणाचा धडा होय.

नव्या दस्तकालाही जुन्या दोषांनी ग्रासले आहे. मेक्सिकोतील ह्वारेस शहरातून रोज अमेरिकेतील एल पासो येथे शिकवावयास जाणाऱ्या एका शिक्षिकेला २०११ साली अटक झाली. तिच्या मोटारीच्या मागच्या कप्प्यात अमली पदार्थांच्या पिशव्या सापडल्या होत्या. ती निर्दोष होती. सेंट्रीच्या मोटारी फारशा तपासल्या जात नाहीत आणि त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, हे हेरून तस्करांनी अशा प्रवाशांच्या मोटारींच्या बनावट किल्ल्या तयार करविल्या होत्या. सत्य बाहेर येईपर्यंत त्या बाईंना काही आठवडे तुरुंगात काढावे लागले. विश्वासू ठरल्यामुळेच त्या सापळ्यात सापडल्या.

दुसरे उदाहरण शासनाकडील आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने न्यूयॉर्क राज्याच्या सर्व रहिवाशांना या योजनांचे दार बंद केले. नवे अर्ज नाहीत, नूतनीकरणही नाही. कारण काय, तर वाहन परवान्यांची माहिती केंद्राला देण्याबाबत त्या राज्याने केलेला कायदा. बफेलो हे न्यूयॉर्क राज्यातच येते. पीस ब्रिजवरून नित्य ये-जा करणाऱ्या तेथील माणसांनी कोणताच अपराध केला नव्हता. त्याच वर्षी जुलैत ही बंदी उठली आणि आपण न्यायालयात केलेली काही विधाने अचूक नव्हती, अशी कबुली सरकारला द्यावी लागली. केंद्र आणि राज्य यांच्या भांडणात रांगेतला माणूस कसा भरडला जातो, हे सीमाभागातील वाचकांस वेगळे सांगावयास नको.

येथे आम्हाला स्वतःविषयी काही सांगणे प्राप्त आहे. १९९० च्या दशकात आम्ही नाक्यावर असताना मोठ्या व्यापाऱ्यांच्या मालमोटारी आम्ही ओळखीत असू. क्रमांक दिसला, चालकाने हात केला, की कागदांवर वरवर नजर टाकून गाडी सोडली जाई. यात पैशाचा व्यवहार नव्हता; केवळ ओळख होती. एका हिवाळ्याच्या रात्री गडहिंग्लजकडील एक शेतकरी गुळाचे रवे घेऊन टेम्पोने बेळगावच्या पेठेकडे निघाला होता. त्याच्याजवळचा एक कागद अपुरा होता. आम्ही टेम्पो बाजूला लावावयास सांगितले आणि सकाळी वरिष्ठ येईपर्यंत तो तसाच उभा राहिला. पहाटे तो एवढेच म्हणाला, “साहेब, मघापासून बारा गाड्या गेल्या. एकीचीबी ताडपत्री कुणी उचलली न्हाई.” त्याने मोजल्या होत्या. आम्ही नियमानेच वागलो होतो, हे खरे. पण नियम आम्ही त्याच्यापुरताच वापरला होता. सकाळी त्याला सोडले तोवर पेठेतला सौदा आटोपला होता.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचे ते नाके इतिहासजमा झाले. त्याच वर्षी भारतीय नागरिकांना अमेरिकेच्या ‘ग्लोबल एंट्री’ योजनेत प्रवेश मिळाला आणि २२ जून २०२४ रोजी आपल्या सरकारनेही विश्वासू प्रवाशांसाठीची योजना दिल्लीच्या विमानतळावर सुरू केली. वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे परदेशी आहेत. त्यांपैकी पुष्कळांच्या खिशात अशी कार्डे असतील. ती घेऊ नयेत, असे आमचे म्हणणे नाही. ओळख पाहून सोडण्यापेक्षा नियम लिहून, सर्वांना अर्ज करू देऊन सोडणे केव्हाही बरे; निदान नकार मिळाला तर कोणाला विचारावयाचे, हे तरी ठाऊक असते. आमच्या नाक्यावर त्या शेतकऱ्याला अर्ज करण्याचीही सोय नव्हती.

एवढे मात्र ध्यानात असावे, की कार्डावरचा विश्वास हा शासनाने दिलेला आणि शासनाला काढून घेता येणारा परवाना आहे. माणसाच्या सचोटीचे ते मोजमाप नव्हे, आणि ज्याच्यापाशी कार्ड नाही तो कमी सचोटीचा, असेही नव्हे. हॅरिएट टबमनबरोबर १८५६ साली पूल ओलांडणाऱ्यांची नोंद कोणत्याही विश्वासू यादीत झाली नसती.

त्या दिवशी पीस ब्रिजवर अखेर आमची पाळी आली. आम्हा उभयतांना आत नेऊन बोटांचे ठसे घेतले, चार प्रश्न विचारले आणि सोडले. अधिकारी तरुण होता, सभ्य होता. त्याने आमचे कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, आणि आम्हाला गुळाच्या त्या टेम्पोची आठवण झाली.