आता पुढे काय?



एस.एस.सी.चा निकाल लागला की आपल्या घरोघरी एकच विचारणा सुरू होते : आता पुढे काय? मामू म्हणतात, आय.टी.आय.ला घाला, चाचा म्हणतात, दुकानावर बसवा, शेजारचा मुलगा आखातात गेला म्हणून अम्मीला तेच बरे वाटते. या गलबल्यात मुलाला मात्र कोणी विचारीत नाही, आणि मुलीला तर नाहीच नाही. हा प्रश्न शास्त्रशुद्ध रीतीने हाती घेणाऱ्या एका गृहस्थाची हकीकत म्हणूनच आपण ऐकावी.

अमेरिकेतील बोस्टन शहराच्या नॉर्थ एंड भागात विसाव्या शतकाच्या आरंभी इटालियन व ज्यू स्थलांतरितांची दाट वस्ती होती. तेथील अनेक मुले लवकर शाळा सोडून मिळेल त्या कामाला जुंपली जात. फ्रँक पार्सन्स यांनी ही परवड पाहिली. त्यांचे स्वतःचे आयुष्यही सरळ गेले नव्हते. ते इंजिनिअर झाले. कंपनी बुडाल्यावर लोखंडाच्या कारखान्यात मजुरी केली. पुढे शिक्षक झाले, वकील झाले. १९०८ च्या जानेवारीत त्यांनी तेथे 'व्होकेशन ब्यूरो' उघडला.

त्यांची पद्धत तीन पायऱ्यांची होती. प्रथम स्वतःला ओळखा : आवड, कुवत, प्रकृती, घरची परिस्थिती. त्यासाठी ते शंभरावर प्रश्नांची उत्तरे लिहून घेत. मग कामाची माहिती मिळवा : शिक्षण किती, पगार किती, बढतीला वाव किती. शेवटी दोहोंचा मेळ घाला. निर्णय मात्र ज्याचा त्याने घ्यावा, हा त्यांचा कटाक्ष होता. त्याच वर्षी सप्टेंबरात ते निवर्तले. त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाले.

आपल्या मुंबईतही हे कार्य जुने आहे. १९४१ मध्ये बाटलीबॉय यांच्या नावाचे मार्गदर्शन केंद्र निघाले. १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आपले केंद्र काढले, आणि १९५० मध्ये मुंबई सरकारने. एक लहानसा समाज आपल्या मुलांसाठी एवढे करू शकला, ही गोष्ट आपण मनात ठेवण्यासारखी आहे.

पालकहो, मार्गदर्शक नशीब सांगत नाही. तो डोळस निवड करायला शिकवतो. तेवढी सुरुवात तर घरीही करता येईल. आज रात्री जेवण झाल्यावर मुलाला आणि मुलीला जवळ बसवा, "तुला काय करावेसे वाटते?" असे विचारा, आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नका.