कूटयंत्र आणि उन्माथ : एक शब्दविचार

अमरकोशाच्या द्वितीय कांडांतील शूद्रवर्गांत शिकाऱ्यांच्या साधनांचे कांहीं शब्द एके ठिकाणीं आले आहेत. त्यांचा अर्थ लावतांना जाळें, फांस, सांपळा हे शब्द आलटून पालटून वापरावे आणि पुढें जावें, असा वाचकाचा सहज कल होतो. परंतु कोशकारानें हीं साधनें वेगळीं मानलीं आहेत. त्यांपैकीं कूटयंत्र म्हणजे पाश किंवा जाळें नसून वजन पाडून जनावर मारण्याचा सांपळा असावा, असें आमचें मत आहे. त्याचीं प्रमाणें येथें देत आहों.

प्रथम कोशाचीच साक्ष पाहूं. वीतंस हें मृगपक्ष्यांच्या बंधनाचें उपकरण असें अमरसिंह सांगतो. वागुरेसहि तो मृगांना बांधणारी म्हणतो. आपल्या मराठींतील वाघूर ती हीच. तिचा वाघाशीं संबंध केवळ कानास भासतो. या दोहोंच्या मध्यें उन्माथ व कूटयंत्र हे दोन शब्द परस्परांचे पर्याय म्हणून येतात, आणि त्यांच्याशीं मात्र बंधनाचा उल्लेख नाहीं. उन्माथ शब्दांत मथ् धातु आहे. घुसळणें, चिरडणें, ठार करणें हा त्याचा भाव, बांधून ठेवणें हा नव्हे.

आतां कूट शब्द घेऊं. तृतीय कांडांतील नानार्थवर्गांत याचे अर्थ दिले आहेत ते असे : माया, निश्चल यंत्र, कपट, असत्य, रास, लोखंडी घण, पर्वताचें शिखर आणि नांगराचा एक भाग. वरवर पाहतां हे अर्थ विसंगत दिसतात. परंतु रास, घण व शिखर यांत जडपणा आहे; माया, कपट व असत्य यांत फसवणूक आहे; आणि हे दोन्ही धर्म एकत्र येतात ते निश्चल यंत्रांत. जड वस्तु कपटानें तोलून धरलेली, असें हें यंत्र असलें पाहिजे.

केवळ व्युत्पत्तीवर भिस्त ठेवणें धोक्याचें. शब्दाचा निकाल अखेर वस्तूपाशीं लागतो. म्हणून रानांत राहण्याची विद्या शिकणारे हौशी लोक ज्याचा आज सराव करतात, तो तीन काठ्यांचा दगडी सांपळा आम्हीं आमिष न लावतां स्वतः मांडून पाहिला. मांडलेल्या काठ्यांची आकृति इंग्रजी चारच्या आकड्यासारखी दिसते, म्हणून इंग्रजींत त्यास त्याच आकड्याचें नांव पडलें आहे. आपल्या ४ शीं ती जुळत नाहीं. एक खुंट उभा, त्याच्या टोंकावर खांचेनें टेकलेली दुसरी काठी तिरपी, आणि तिसरी आडवी. तिरप्या काठीच्या वरच्या टोंकावर सपाट दगडाची एक कड विसावते. दगडाच्या भारानें तिचें खालचें टोंक बाहेर उसळूं पाहतें. त्यास आडव्या काठीच्या टोंकाची खांच धरून ठेवते, आणि आडवी काठी आपल्या मधल्या खांचेनें खुंटास अडकलेली असते. आमिष लावावयाचें तें आडव्या काठीच्या दगडाखालील टोंकास. त्यास धक्का लागतांच खांचा सुटतात, तिन्ही काठ्या उडतात व दगड खालीं येतो.

हें यंत्र हातानें मांडल्यावर कोशांतील शब्द निराळेच बोलूं लागतात. यांत वांकविलेली फांदी नाहीं, ताणलेली दोरी नाहीं. मारण्याचें सर्व बळ दगडाच्या वजनांत सांठलेलें असतें, आणि धक्का लागेपर्यंत कांहींच हलत नाहीं. निश्चल हें विशेषण यास जितकें शोभतें तितकें पाशास शोभत नाहीं. झांकलेला खड्डाहि निश्चल असतो हें खरें. परंतु खड्ड्यास यंत्र म्हणतां येत नाहीं व तो चिरडीत नाहीं.

कौटिलीय अर्थशास्त्रांत याच तत्त्वाचा माणसांवरील प्रयोग आढळतो. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापलेल्या या ग्रंथाच्या बाराव्या अधिकरणाच्या पांचव्या अध्यायांत, देवालयांत शिरलेल्या शत्रूवर यंत्र सोडून गुप्त भिंत किंवा शिळा पाडावी, असा उपाय सांगितला आहे. देवदर्शन हें आमिष, शिळा हा भार, आणि यंत्राची सोडवणूक हा खटका. मोठ्या प्रमाणावर हा दगडी सांपळाच होय. त्याच ग्रंथांत आयुधागाराच्या प्रकरणीं दहा स्थितयंत्रें सांगून चलयंत्रें निराळीं दिलीं आहेत. त्या दहांतील एकाचें नांव विश्वासघाती असें आहे. कूट शब्दांतील कपटाचा भाव या नांवांत उघड दिसतो. अमराच्या निश्चल यंत्राचा अर्थ या स्थित व चल अशा भेदाच्या प्रकाशांत वाचावा, असें आम्हांस वाटतें.

या सांपळ्याचा पुरावा उत्खननांत मिळण्याची आशा थोडी. दगड पडला कीं तो पुन्हां नुसता दगड होतो, आणि काठ्या कुजून जातात. उरतात ते शब्द आणि मांडणाऱ्याचे हात. त्या हातांची गतहि विदित आहे. रानावर जगणाऱ्या पारध्यांसारख्या जमातींवर गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें शिक्का मारला. १८७१ सालीं सुरू झालेला हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पुढें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सांपळे लावण्यासहि शिकारीच्या व्याख्येंत घेतलें, आणि तें योग्यच झालें. तथापि साधन वापरणें व साधन ओळखणें या गोष्टी भिन्न आहेत. दुसरीचा लोप झाला तर आमच्या कोशांतील एक शब्दसमूह मुका होईल. म्हणून ज्यांस प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनीं तो आपल्या अंगणांत, आमिषावांचून करावा आणि लगेच मोडून टाकावा.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या संग्रहीं अमरकोशाच्या पोथ्या असतील. शिकविणाऱ्या शास्त्र्यांनीं अशा पोथ्यांच्या समासांत शब्दाशेजारीं देशी नांव टिपून ठेवण्याची चाल होती. उन्माथ, कूटयंत्र व कौटिक या तीन शब्दांसमोर कोणाच्या पोथींत मराठी टीप असल्यास तिची अक्षरशः नक्कल, पोथीचा लेखनशक व स्थळ यांसह प्रसिद्ध करावी. त्या टिपेंत दगड, शिळा किंवा ओंडा यांचें नांव निघालें तर आमच्या मतास बळकटी येईल. दोरीचें निघालें तर तें मत सोडावें लागेल. निर्णय पोथ्यांनींच द्यावा.